उचकी लागली तर



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, डॉक्टरीण नव्हे. पण उचकी कोणाच्या घरी नाही? उचकी लागली की आपण म्हणतो, कोणीतरी आठवण काढली. मग एकेक नाव घ्यायचे. ज्या नावाला थांबेल त्याने आठवण काढली! माझी नेहमी आईच्या नावाला थांबते, कारण ते मी शेवटी घेते.

छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा पडदा असतो. श्वास घेताना तो खाली सरकतो. तो अवचित झटका देऊन आवळला की हवा आत ओढली जाते आणि लगेच घशातील स्वरयंत्राची फट मिटते. तोच तो आवाज. घाईचे जेवण, तुडुंब पोट, तिखटजाळ रस्सा, सोडा ही नेहमीची कारणे. पोटातल्या बाळालाही उचकी लागते. गर्भारणीने घाबरू नये.

श्वास रोखावा, गार पाणी घोटघोट प्यावे, किंवा चमचाभर कोरडी साखर गिळावी. १९७१ साली अमेरिकेत २० जणांना अशी साखर दिल्याचे प्रसिद्ध झाले; १९ जणांची उचकी लगेच थांबली. मधुमेह असलेल्यांनी मात्र पाण्यावर भागवावे. तान्ह्याला साखर, मध, पाणी काहीच देऊ नये; उभे धरून ढेकर काढावा. टाळूवर दोरा ठेवायचा तर ठेवा बापड्या, थांबते ती आपोआपच.

आयुर्वेदात उचकीचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांत अन्नजा जेवणाने होणारी, आणि गंभीरा नावाप्रमाणेच. ती मी घरात पाहिली. आमच्या सासूबाईंची उचकी दोन रात्री थांबेना. घास जाईना, डोळा लागेना. शेजारणी म्हणाल्या, “गावाकडचे सगळे आठवण काढताहेत.” सासूबाई म्हणाल्या, “मेले त्यांना दुसरे काम नाही का?” सकाळी यजमानांनी त्यांना दवाखान्यात नेले. रक्त तपासले, तर मूत्रपिंडांचे काम मंदावलेले. औषधपाणी सुरू झाले तेव्हा कुठे उचकी गेली.

तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेले ध्यानात ठेवा : ४८ तासांवर उचकी टिकली तर दाखवायलाच हवे. उचकीबरोबर बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला किंवा छातीत दुखले, तर ४८ तासही थांबू नका, तडक न्या. आणि जाताना चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाका. काही औषधांनीसुद्धा उचकी लागते.