फौजदार, गुरुजी आणि पदवी

(तालुका युवक शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेल्या बोलण्याचा मजकूर. ज्या पाड्यांवरची पोरं शिबिराला येऊ शकली नाहीत त्यांनी वाचून दाखवावा.)



काल रात्री जेवणं झाल्यावर गट बसले होते. विषय दिला होता एकसाली प्लॉटचा, पण बोलणं भलतीकडेच गेलं. एका गटात निघालं, "फौजदाराच्या वाटेला जाऊ नये." दुसऱ्यात निघालं, "गुरुजी फुकटचा पगार खातो, त्याचा पगार कापला पाहिजे." तिसऱ्यात बी.ए. झालेली दोन पोरं होती. त्यांच्याकडे बोट दाखवून एक जण म्हणाला, "शिकून काय उजेड पाडला? हे पण आमच्यासोबत रोजगार हमीवर माती वाहतात." सगळे हसले. ती दोघंही हसली, पण त्यांचं हसणं आम्हाला काही बरं वाटलं नाही.

संघटनेनं ठरवलं की प्लॉटचं दुपारी बोलू, आधी हे बोलून घेऊ. कारण ही तिन्ही वाक्यं आपल्या जमिनीच्या लढ्याला येऊन भिडतात.

पोलिसापासून सुरू करू. पोलिसाबद्दल आपल्याला काय वाटतं, हे कोणाला सांगायला नको. पाड्यावर खाकी दिसली की बाया पोरांना घेऊन आत जातात, गडी रानात जातात. ही भीती उगाच नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला आपले लोक लाल बावट्याखाली जमले होते. वेठ नको, गवत कापायला नीट मजुरी द्या, एवढंच मागत होते. त्यांच्यावर पोलिसांनी गोळ्या घातल्या, पाच जण मेले. त्यांच्या नातवंड-पतवंडांच्या वयाची पोरं आज या शिबिरात बसली आहेत. १९७२ साली तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. हायकोर्टानं शिक्षा दिली, आणि पुढे सुप्रीम कोर्टानं पोलिसांना सोडून दिलं. का, तर म्हणे तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनं आरडाओरडा केला नाही. रात्री पोलीस चौकीत एका गरीब पोरीनं कोणाच्या नावानं ओरडायचं? देशभरच्या बाया त्यावर रस्त्यावर उतरल्या तेव्हा कुठं १९८३ साली कायदा बदलला.

पण सगळ्या जनतेला पोलिसाची भीती वाटते असं समजू नका. शहरातल्या पुष्कळ लोकांना पोलिसानं अजून जोरात मारावं असं वाटतं. बिहारमध्ये भागलपूरला १९७९-८० साली पोलिसांनी तीसेक कैद्यांचे डोळे फोडून त्यात ॲसिड ओतलं. खटला नाही, निकाल नाही. सरकारनं पोलिसांना निलंबित केलं तेव्हा भागलपूरचे लोक मोर्चे घेऊन निघाले. ते मोर्चे आंधळे केलेल्यांसाठी नव्हते, पोलिसांसाठी होते! गुंडांचा बंदोबस्त होतोय, मग कसाही होवो. आता हे ध्यानात घ्या की आपण प्लॉटवर नांगर धरला तर फॉरेस्टवाल्यांच्या कागदात आपणही गुन्हेगारच आहोत. शहरातला पेपर वाचणारा माणूस आपल्याबद्दल तेच वाचतो.

केंद्र सरकारनं १९७७ साली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला होता. त्याच्या तिसऱ्या अहवालात लिहिलंय की शंभरातल्या जवळजवळ ६० अटका गरज नसताना किंवा कारण नसताना झालेल्या असतात. हे संघटनेचं म्हणणं नव्हे, सरकारच्याच आयोगाचं आहे. आपल्याकडे चॅप्टर केसेस कशा होतात ते आठवा. भात कापायच्या आठ दिवस आधी होतात. "शांतता भंग होईल" म्हणून कुळाला बाँड लिहून मागायचा, आणि तो तारखांना तालुक्याला खेपा घालतोय तोवर सावकारानं मजूर लावून पीक न्यायचं.

आता दुसरी बाजू. १८ ऑगस्ट १९८२ ला मुंबईचे पोलीस शिपाईच संपावर गेले. पगार, ड्युटीचे तास, राहायच्या खोल्या आणि साहेबांच्या घरची घरगड्यासारखी कामं, अशी त्यांची गाऱ्हाणी होती. सरकारनं सैन्य बोलावलं, त्यांच्या संघटनेची मान्यता काढली, कित्येकांना घरी बसवलं. गिरणी संप त्याच वर्षी चालू होता. ज्या गिरणी कामगारांनी शिपायाच्या लाठ्या खाल्ल्या होत्या तेही त्या दिवशी रस्त्यावर उतरले. म्हणजे शिपाईसुद्धा मजूरच निघाला. त्याचं पोट भरत नाही म्हणून तो आपली कोंबडी नेतो असं काही जण म्हणतात. हे अर्धंच खरं. फौजदाराचं पोट भरलेलं असतं, कोंबडी त्यालाही लागते.

इथे एक गोष्ट आम्हाला विचारायची आहे. काल रात्री एवढे जण बोलले, पण फौजदाराला पगार किती आणि तो काम किती करतो, हे एकानंही विचारलं नाही. गुरुजीचा पगार मात्र सगळ्यांना पैशासकट पाठ! ज्याची भीती वाटते त्याच्याकडे आपण हिशोब मागत नाही, आणि गुरुजीची भीती वाटत नाही म्हणून सगळा राग त्याच्यावर निघतो.

गुरुजीबद्दलचा राग खोटा आहे असं आमचं म्हणणं नाही. पावसाळ्यात ओहोळ भरला की चार महिने शाळा बंद. हजेरीपटावर मात्र पोरं हजर. काही ठिकाणी गुरुजी शहरात राहतात आणि गावातल्या एखाद्या मॅट्रिक नापास पोराला थोडे पैसे देऊन आपल्या जागी बसवतात. काही गुरुजी व्याजानं पैसे देतात. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत तपासणीच्या दिवशी पोरांना आधी शिकवून ठेवलेली तीच तीन उत्तरं पोरांनी साहेबाला सांगितली, प्रश्न कुठलेही असोत. हे सगळं बंद पाडायचं आहेच.

पण पगार कापून ते बंद होईल का? म्हाताऱ्या माणसांना विचारा. जुन्या काळी मास्तरला पगार नावाचा, तोही वेळेवर नाही. मग मास्तर बसायचा कुठं, तर सावकाराच्या ओटीवर. तांदूळ तिथूनच यायचा, राहायला खोली तिथूनच. संध्याकाळी सावकाराच्या वह्या लिहून द्यायचा. आपल्या बापजाद्यांचे अंगठे ज्या वह्यांवर आहेत त्यातलं अक्षर कोणाचं आहे? कमी पगाराचा मास्तर आपला झाला नव्हता, तो सावकाराचा झाला होता.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनला निवेदन दिलं. त्यात खेड्यातल्या प्राथमिक शिक्षकाच्या पगाराचा आकडा दिला आहे. १२ रुपयांपेक्षा कमी देऊ नका, मोठ्या गावात १५ ते २० द्या. त्या काळी हा आकडा लहान नव्हता. शेतकऱ्याच्या बाजूनं बोलणारा माणूस मास्तरला चांगला पगार मागत होता. पण त्याच निवेदनात त्यांनी अटही घातली. मास्तर शेतकऱ्यांच्या जातींतून आलेला असावा, वेळ पडली तर नांगर धरायला आणि सुताराचा वाकस चालवायला त्याला लाज वाटू नये, खालच्या मानलेल्या लोकांत त्यानं सहज मिसळावं. पगार द्या आणि माणूस असा द्या, दोन्ही एकत्र. आपण यातली पगाराची गोष्ट काढून घ्या म्हणतो, आणि अट विसरतो.

१९७७ च्या डिसेंबरात सरकारी नोकर आणि शिक्षकांचा ५४ दिवसांचा संप झाला तेव्हाही असंच बोललं गेलं. "यांना कमी पडतंय, शेतमजुराकडे बघा." कोण बोलत होतं ते आठवून बघा. शेतमजुराला किमान मजुरी देताना ज्यांचे हात कापतात तेच सभेत शेतमजुराच्या नावानं रडत होते. पुढे सरकार बदललं आणि महागाई भत्ता द्यावाच लागला. त्या भत्त्यानं शेतमजुराची मजुरी एका पैशानं कमी झाली नाही. उलट एक गोष्ट पुष्कळांना माहीत नाही. गुरुजीच्या पगारातून दर महिन्याला व्यवसाय कर कापला जातो. तो १९७५ साली लावला तोच मुळी रोजगार हमीसाठी, आणि सरकारनंही तेवढीच भर त्यात घालायची असं ठरलं. म्हणजे आपण बांधावर जी माती टाकत आलो तिच्या मजुरीत गुरुजीच्या पगाराचा वाटा आहे. गुरुजींना हे सांगा. त्यांनाही ते ठाऊक नसतं, कापलेल्या पैशाबद्दल ते आपल्यालाच नावं ठेवतात.

शिवाय गुरुजीच्या गळ्यात काय काय बांधलंय तेही बघा. निवडणूक, शिरगणती, पूर्वी अल्पबचतही. आणीबाणीत तर नसबंदीच्या केसेस आणायला लावल्या, तेव्हा गुरुजी पाड्यावर आला की लोक पोलीस आल्यासारखे पळायचे. एका खोलीत चार वर्ग, एकच माणूस, आणि पहिलीतल्या पोराला गुरुजीची भाषा कळत नाही, गुरुजीला पोराची. पोर मुकं बसतं. गुरुजी लिहितो, "मंदबुद्धी." तेच पोर घरी गेल्यावर चाळीस झाडांची नावं सांगतं.

ही भाषेची गोष्ट आहे म्हणूनच पदवीकडे यावं लागतं. आपल्या बोलीत बोलणारा गुरुजी हवा असेल तर आपल्यातलंच कोणीतरी डी.एड. झालं पाहिजे. तेव्हा "शिकून काय उजेड पाडला" हे वाक्य जपून वापरा. ते आपल्या पाड्यावर जन्मलेलं नाही. ज्यांना गुरं राखायला पोर लागतं त्यांनी ते आपल्या तोंडात घातलंय. त्यांची स्वतःची पोरं कुठं आहेत? मुंबईला कॉलेजात. १९८३ साली सरकारनं विनाअनुदान इंजिनीअरिंग कॉलेजं काढायची परवानगी दिली. तेव्हापासून पैसे मोजून पदवीची वाट खुली झाली. पदवीला किंमत नसती तर त्यांनी ते पैसे मोजले असते का?

आपल्याला राज्याच्या नोकऱ्यांत ७ टक्के जागा राखीव आहेत. जागा निघते, आणि शेरा पडतो, "योग्य उमेदवार मिळाला नाही." नाहीतर नावातल्या सारखेपणावर खोटा दाखला काढून दुसराच कोणी ती घेतो. असा दाखला खऱ्या आदिवासी पोराची जागा खातो, आणि त्यावर सही करणारा पदवीधरच असतो.

एवढं मान्य करूनही बी.ए. झालेल्या आमच्या दोघा भावांना एक विचारायचं आहे, आणि रागावू नका. तुमच्या बापाचा सातबारा तुम्ही वाचलाय का? इतर हक्कात कोणाचं नाव आहे, फेरफार कधी पडला, तो १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ यामधला आहे का? आदिवासीची त्या काळात बिगरआदिवासीकडे गेलेली जमीन परत मिळायचा कायदा झालाय, पण कोणत्या व्यवहाराला तो लागू होतो हे फेरफार वाचल्याशिवाय कळत नाही. तीन वर्षं कॉलेजात काढली, तिथं सातबारा कोणी शिकवला नाही, हा तुमचा दोष नाही. आता शिका. तलाठ्यानं शिकवायला पाहिजे, पण तो शिकवणार नाही. संघटना शिकवील.

आणखी एक, जाता जाता. आपल्यात मुलीच्या बापाला देज द्यायची रीत. आता काही पाड्यांवर ऐकू येतं की नोकरीवाल्या पोराचा बाप उलटा हुंडा मागतो. पदवीची ही किंमत आम्हाला मान्य नाही. ज्या घरात असं होईल तिथं संघटनेचा माणूस लग्नाला जाणार नाही.

आता ठरलं ते सांगतो.

शाळेला टाळं ठोकायचा ठराव काल दोन गटांनी मांडला होता, तो मागे घेतला आहे. त्याऐवजी प्रत्येक पाड्यावर एक वही. गुरुजी कधी आला, कधी गेला, त्या दिवशी त्याला दुसऱ्या सरकारी कामाला नेलं होतं का, हे तीन रकाने. वही शिकलेल्या पोरानं लिहायची, आणि महिन्याच्या शेवटी गुरुजीला आधी दाखवायची, मग पंचायत समितीला. पगार कापा असं त्यात कुठंही लिहायचं नाही. पाड्यावर राहायला खोली द्या, दुसरा शिक्षक द्या, असं लिहायचं.

पोलीस ठाण्यात एकट्यानं जायचं नाही. फिर्याद दिली की तिची नक्कल फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठायचं नाही. साक्षीसाठी बाईला किंवा पंधरा वर्षांखालच्या पोराला ठाण्यावर बोलावता येत नाही, पोलिसानं घरी यायचं. धरून नेलं तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं पाहिजे. किती वाजता नेलं ते बायांनी लगेच लिहून ठेवायचं, घड्याळ नसेल तर एस.टी. कुठली गेली ते लिहायचं.

पोलीस भरतीत जावं का, असं काल एकानं विचारलं. ज्याला जायचं त्यानं जावं, संघटना अडवणार नाही. फक्त जाण्याआधी पाड्याच्या बैठकीत येऊन सांगावं, आणि सुट्टीवर आल्यावरही बैठकीला बसावं.

सातबाऱ्याचा वर्ग पुढच्या बाजाराच्या दिवशी, दुपारी दोन वाजता, संघटनेच्या कार्यालयात. ज्यांच्याकडे जुन्या पावत्या, खंडाच्या चिठ्ठ्या, प्लॉटचा दंड भरल्याच्या पावत्या असतील त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणाव्यात. पावसात भिजवू नका. दंडाची पावती ही आपण ती जमीन कसत होतो याचा सरकारनंच दिलेला पुरावा आहे. बी.ए. झालेले दोघं त्या दिवशी वर्गात मदतीला बसतील, त्यांनी सकाळीच होकार दिला आहे.