दाराशी येणारा प्रगणक आणि दाराशी येणारी साथ

(सुवर्णमहोत्सवानिमित्त राजारामपुरी येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोणतीही संस्था पन्नास वर्षांची झाली की ती आपला जमाखर्च तपासून पाहते. व्यापारी पेढीवर तर ही रीत दरसालची आहे. वर्षअखेरीस दुकानातील मालाची मोजदाद होते आणि वहीतील शिल्लक व फळीवरील शिल्लक ताडून पाहिली जाते. दोहोंत तफावत निघाली तर नफ्याचा आकडा कितीही गोंडस असला तरी त्यावर शहाणा व्यापारी पुढील खरेदी करीत नाही. राष्ट्राच्या अशा मोजदादीला जनगणना म्हणतात. ती दर दहा वर्षांनी ठरलेल्या मुहूर्तावर होते. साथीचा रोग मात्र पंचांग पाहून येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दाराशी आल्या तर स्थानिक शासनाने नागरिकांना काय सांगावे आणि नागरिकांनी कसे वागावे, हा आजचा विषय आहे.

हा प्रश्न कल्पनेतला नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात घरयादीचे काम सुरू व्हावयाचे होते. त्याच्या आठवडाभर आधी, २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी ते पुढे ढकलण्यात आले. प्रत्यक्ष लोकगणनेसाठी १ मार्च २०२१ ही संदर्भ तारीख ठरलेली होती. त्या दिवशी गणना झाली नाही. योगायोग असा की, साठ वर्षांवरील नागरिकांना कोरोना प्रतिबंधक लस देण्यास देशात सुरुवात झाली ती याच १ मार्च २०२१ रोजी. ज्या दिवशी माणसे मोजावयाची होती, त्या दिवशी ती वाचविण्यासाठी रांगेत उभी राहिली. आणि या रांगेसाठी किती लसी कोठे पाठवाव्यात याचा हिशेब मात्र २०११ च्या जुन्या मोजणीवरून पुढे काढलेल्या अंदाजांवर करावा लागला.

इतिहासात मागे गेले तर १ मार्च याच तारखेला असाच एक प्रसंग आढळतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजेच प्लेगचा, रुग्ण ओळखला. पुढील चार वर्षांत हा रोग मुंबई इलाखाभर पसरला आणि १ मार्च १९०१ ची खानेसुमारी त्याच्या छायेतच पार पडली. १८९१ मध्ये मुंबई शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. ही सारी घट मृत्यूची नव्हती. भयाने घरे बंद करून लोक गावोगाव पांगले होते. हा आकडा शहराच्या कारभाराला उपयोगी नाही हे ओळखून १९०६ मध्ये मुंबईत पुन्हा स्वतंत्र मोजणी करण्यात आली, तेव्हा लोकसंख्या ९,७७,८२२ निघाली. पाणी, गटारे, घरे आणि दवाखाने यांचे नियोजन करणाऱ्यांच्या दृष्टीने पाच वर्षांतील हा दोन लाखांचा फरक किती मोठा, हे वेगळे सांगावयास नको.

कोल्हापूर संस्थानही या संकटातून सुटले नाही. १८९१ मध्ये संस्थानची लोकसंख्या ९,१३,१३१ होती. १९०१ मध्ये ती ९,१०,०११ झाली. दहा वर्षांत जी वाढ व्हावयाची ती दुष्काळाने आणि प्लेगने गिळून टाकली. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला आणि अवघ्या काही वर्षांतच या दोन्ही आपत्ती त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. लागण झालेली वस्ती सोडून लोकांनी गावाबाहेर मोकळ्या रानात झोपड्या घालून राहावे, यावर त्यांच्या कारभाराचा भर होता.

त्याच काळात पुण्यात काय घडले हे सर्वविदित आहे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि मार्चपासून रँडच्या प्लेग कमिटीच्या हुकमाने गोरे सोजीर घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले. देवघरे, माजघरे, स्त्रियांची खासगी दालने यांची मर्यादा राहिली नाही. परिणाम असा झाला की, लोक रोगापेक्षा तपासणीला अधिक भिऊ लागले. आजारी माणसे लपविली जाऊ लागली. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. याच पुण्यात दुसरेही उदाहरण आहे. सावित्रीबाई फुले व त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर रुग्णांसाठी दवाखाना उघडला. प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणणाऱ्या सावित्रीबाईंना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. एकच शहर, एकच महिना, एकच रोग. पण एका पावलाच्या आवाजाने दारे बंद होत होती आणि दुसऱ्या पावलाच्या आवाजाने ती उघडत होती.

आजच्या विषयाचे मर्म येथेच आहे. मोजणी असो वा साथीची तपासणी, ती खरी होते ती दाराच्या आतील माणसाचा बाहेरच्या माणसावर विश्वास असेल तरच. कायदा दार उघडायला लावू शकतो. खरे उत्तर मात्र विश्वासच देववितो.

दारावर काय लिहावे हा प्रश्नही तेव्हापासूनचा आहे. प्लेगच्या दिवसांत मुंबईत राहण्यास अयोग्य ठरविलेल्या घरांवर तसा शिक्का मारला जाई. २०२० मध्ये विलगीकरणातील प्रवाशांच्या हातावर शाईचे शिक्के उमटले आणि कोरोनाबाधितांच्या दारांवर फलक लागले. त्या फलकामुळे शेजारी दुरावल्याचे, दूधवाला जिन्याखालूनच परतल्याचे अनुभव गल्लोगल्ली ऐकावयास मिळाले. ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सक्षम प्राधिकाऱ्याचा आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालील आदेश असल्याशिवाय असे फलक लावू नयेत, असे सांगितले. दाराचा क्रमांक नोंदविणे आणि दाराला कलंक लावणे यांत अंतर आहे, हेच या निर्णयाने अधोरेखित केले.

या दृष्टीने राजारामपुरीची रचना पाहण्यासारखी आहे. छत्रपती राजाराम महाराजांचे नाव धारण करणारी ही वसाहत जुन्या कोल्हापूरच्या पेठांहून वेगळी. सरळ गल्ल्या, आणि त्यांची ओळख क्रमांकाने: पहिली गल्ली, दुसरी गल्ली, अशी. येथे पाहुण्याला पत्ता सांगणे सोपे, तसेच प्रगणकालाही. परंतु गल्लीचा क्रमांक सोपा असला तरी घराच्या आतला हिशेब सोपा राहिलेला नाही. खाली दुकान, वर गोदाम, त्यावर बिऱ्हाड. मागे शिकणाऱ्या मुलांच्या खोल्या. पुण्याला, बंगळुरूला वा परदेशी गेलेली मुले आणि बंगल्यात उरलेले दोन वृद्ध. साथीच्या काळात सर्वांत आधी मदत लागते ती या वृद्धांना, या खोल्यांतील विद्यार्थ्यांना आणि गोदामात निजणाऱ्या परगावच्या नोकराला. वहीत त्यांची नावे नसतील तर मदत पाठविणाऱ्याला त्यांचे दार कळावयाचे कसे?

जुन्या आकड्यांची किंमत केवळ लसीच्या वेळी मोजावी लागली असे नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली देशात ८१.३५ कोटी लोकांना धान्य देण्याची मर्यादा ठरली ती २०११ च्या लोकसंख्येवर. त्यानंतर जन्मलेले, वाढलेले, शहरात येऊन स्थिरावलेले लोक या मर्यादेत बसविताना अनेकांना बाहेर राहावे लागले. कोल्हापूर महापालिका क्षेत्राची लोकसंख्या २०११ मध्ये ५,४९,२३६ होती. पुढील नवी मोजणी होईपर्यंत अधिकृत आकडा म्हणून तोच वापरावा लागला.

उलट, खरी मोजणी काय करू शकते याचेही उदाहरण याच जिल्ह्यात आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे केवळ ८३९ मुली असल्याचे उघड झाले. महाराष्ट्राचा आकडा त्यावेळी ९१३ होता. ऊस, दूध आणि व्यापार यांनी समृद्ध झालेल्या जिल्ह्याच्या माजघरात कोणता रोग शिरला आहे, हे कोणत्याही दवाखान्याच्या नोंदवहीत लिहिलेले नव्हते. ते प्रगणकाच्या कागदावर उमटले. त्यानंतरच जिल्हा प्रशासन हलले आणि २००९ मध्ये सोनोग्राफी यंत्रांवर नोंद ठेवणारी उपकरणे बसविण्याचा प्रयोग येथे झाला. ज्या साथीला ताप नसतो, ती मोजणीनेच सापडते.

जगाचा अनुभवही बोधप्रद आहे. इंग्लंड व वेल्समध्ये २१ मार्च २०२१ रोजी, निर्बंध चालू असतानाच, जनगणना झाली. लोकांनी बहुतांशी घरी बसून संगणकावर माहिती भरली आणि प्रतिसाद ९७ टक्के मिळाला. शेजारच्या स्कॉटलंडने साथीमुळे गणना एक वर्ष पुढे ढकलून २०२२ मध्ये घेतली. तेथे प्रतिसाद ८९ टक्क्यांच्या आसपास राहिला. काम पुढे ढकलल्याने ते आपोआप चांगले होत नाही. लोकांना वेळेवर, त्यांच्या भाषेत, नेमके सांगणे महत्त्वाचे.

आपल्याकडे १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरविण्यात आली. मोबाईलवर नोंद, कुटुंबाने स्वतः माहिती भरण्याची सोय आणि जातीची नोंद ही तिची वैशिष्ट्ये. साथ असो वा नसो, प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवाव्यात अशा काही गोष्टी येथे सांगणे उचित होईल.

पहिली गोष्ट ओळखीची. प्रगणक बहुधा शिक्षक वा स्थानिक कर्मचारी असतो. त्याचे ओळखपत्र अवश्य पाहावे. ते पाहणे हा त्याचा अपमान नव्हे. जनगणनेसाठी कोणतेही शुल्क नाही. बँक खात्याचा क्रमांक किंवा मोबाईलवर आलेला ओटीपी कोणी फोनवरून मागत असेल तर तो प्रगणक नव्हे, भामटा समजावा. स्वतः माहिती भरावयाची तर ती सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरावी.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. जनगणना कायदा १९४८ च्या कलम ८ अन्वये माहीत असलेले खरे उत्तर देणे नागरिकाचे कर्तव्य आहे आणि कलम १५ अन्वये ते उत्तर गुप्त राहते. न्यायालयात ते पुरावा म्हणून वापरता येत नाही. करवसुली अधिकाऱ्यालाही तो कागद पाहता येत नाही. म्हणून खोल्या कमी सांगणे, भाडेकरू लपविणे यांतून लाभ काहीच नाही. याच कायद्यात एक हळुवार तरतूद आहे: रूढीने ज्याचे नाव घेणे निषिद्ध आहे त्या पतीचे नाव सांगण्याची सक्ती स्त्रीवर नाही. कायदा करणाऱ्यांनी उंबरठ्याची मर्यादा जाणली होती.

तिसरी गोष्ट कोणाला मोजावे याची. जो जेथे राहतो त्याची गणना तेथे. वसतिगृहातील मुलाची वसतिगृहात, परदेशी स्थायिक मुलाची येथे नाही. घरी राहणाऱ्या कामगाराची मात्र येथेच. तान्हे बाळ आणि अंथरुणाला खिळलेली आजी यांना विसरू नये. ज्यांना घरच नाही त्यांच्यासाठी शेवटच्या रात्री वेगळी मोजणी असते. धर्मशाळा, मंदिरे व मंगल कार्यालये चालविणाऱ्या संस्थांनी त्या रात्री प्रगणकाला साह्य करावे.

चौथी गोष्ट साथीची. घरात ताप असेल तर प्रगणकाला तसे दारातूनच सांगावे, अंतर राखून ओसरीवर वा फाटकापाशी बोलावे, किंवा स्वतः माहिती भरण्याची सोय वापरावी. आजार लपवून त्याला आत बसविणे हे आतिथ्य नव्हे. तोच माणूस पुढे शंभर दारे वाजविणार असतो. आरोग्य सर्वेक्षण ही वेगळी बाब आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके घरोघर ताप आणि प्राणवायूची पातळी तपासत फिरली. अशा वेळी मधुमेह, दमा, रक्तदाब यांची खरी माहिती दिली तरच धोक्यातील माणूस आधी गाठता येतो. घरात मृत्यू घडल्यास २१ दिवसांच्या आत नोंद करावी. नोंद न झालेला मृत्यू वारसांनाही अडवितो आणि रोगाचा मागही पुसून टाकतो.

स्थानिक शासनाकडूनही काही अपेक्षा रास्त आहेत. आदेश सोप्या मराठीत आणि एकाच ठिकाणाहून यावेत. सकाळचा आदेश संध्याकाळी बदलला तर कारण सांगावे. आरोग्याची माहिती आणि जनगणनेची माहिती यांची सरमिसळ होऊ देऊ नये. आणि जे शिक्षक, आशा सेविका, अंगणवाडी सेविका कडक उन्हात दार वाजवितात, त्यांच्या सुरक्षिततेची व मानधनाची काळजी आधी घ्यावी. २०२१ च्या जून-जुलैत राज्यात इतरत्र साथ ओसरत असताना कोल्हापुरात रुग्णसंख्या उतरत नव्हती आणि त्यातच जुलैअखेर पंचगंगेचा महापूर आला. त्या दिवसांत स्थलांतरितांची यादी, रुग्णांची यादी आणि शिध्याची यादी या तिन्ही हाती घेऊन हेच लोक फिरत होते.

त्यांच्या हातातील यादी पूर्ण असणे हे त्यांच्या हाती नसते. ते दार उघडणाऱ्याच्या हाती असते. म्हणून पुढील वेळी कडी वाजेल तेव्हा राजारामपुरीच्या प्रत्येक गल्लीतील प्रत्येक घराने ओळखपत्र पाहावे, पाण्याचा पेला पुढे करावा आणि घरात जेवढी माणसे तेवढीच सांगावीत. एकही कमी नाही, एकही अधिक नाही.