नळीतला गर्भ

औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंदच्या खेड्यात बाईच्या पोटात कळ आली की पहिला उपाय ओव्याचा, दुसरा ॲसिडिटीच्या गोळीचा. पण पाळी चुकलेली असेल, कळ खाली एका बाजूला असेल आणि थोडं थोडं अंगावरून जात असेल, तर हे दोन्ही उपाय वेळ दवडणारे आहेत. गर्भ पिशवीऐवजी गर्भनलिकेत रुजलेला असू शकतो. शंभर गर्भधारणांत एक-दोनदा असं होतं.

नळी पिशवीसारखी वाढत नाही. बहुधा सहाव्या ते आठव्या आठवड्यात ती फुटते आणि रक्त पोटातच साचतं. बाहेर फारसं दिसत नाही, म्हणून घरचे निर्धास्त राहतात! चक्कर, थंड घाम, खांद्यात दुखणं ही पोटात रक्त साचल्याची खूण.

तालुक्याच्या दवाखान्यात यावर काय करता येतं? बरंच काही. लघवीची गर्भचाचणी काही मिनिटांत होते. सोनोग्राफी नसेल तर योनिमार्गातून सुई घालून पाहतात. न गोठणारं रक्त आलं, तर पोटात रक्तस्राव होतोय हे कळतं. मग दोन जाड सुयांनी सलाईन, रक्ताची सोय आणि ऑपरेशन. दुर्बिणीतून ऑपरेशनची सोय नसली तरी अडत नाही. 1883 साली बर्मिंगहॅमच्या डॉक्टर लॉसन टेट यांनी पोट उघडून फुटलेली नळी काढली आणि बाई वाचली; आजही इलाज तोच.

अडतं ते रक्तापाशी. जर्मनीच्या डॉक्टर थीस यांनी 1914 साली पोटात साचलेलं रक्तच गाळून पेशंटला परत दिलं होतं. रक्तपेढी दूर असलेल्या आफ्रिकेतल्या दवाखान्यांनी ही युक्ती पुढे खूप वापरली.

नळी फुटलेली नसेल तर मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन चालतं. मात्र चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासावं लागतं. कामासाठी हैदराबाद-पुण्याला निघालेल्या बाईला हे जमेल का, हे डॉक्टरांनी आधी विचारलेलं बरं. नाही जमलं, तर ऑपरेशनच सुरक्षित.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्यांनी नळीतला गर्भ पडत नाही. उलट रक्त जातंय ते गोळीमुळेच, असं वाटून बाई घरीच थांबते. त्या गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा, सोनोग्राफी करून घ्या. आणि चक्कर आलीच, तर 108 ला फोन करा, बीदरच्या ब्रिम्स किंवा कलबुर्गीच्या जिम्स या सरकारी रुग्णालयांकडे निघताना रक्त देऊ शकतील असे दोन धडधाकट नातेवाईक सोबत घ्या.