गर्दीतील नेमका बिंदू

(हीरक महोत्सवी वर्षात शाळेत दिलेले भाषण)



बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, हे भूमितीच्या पहिल्याच पाठात सांगितले जाते. फळ्यावर मात्र खडूचा चांगला ठसठशीत ठिपका उमटतो आणि तो ठिपका म्हणजेच बिंदू, ही समजूत बरीच वर्षे टिकते. संगणकावर इमारतीचा नकाशा काढणाऱ्याला ती लवकरच सोडावी लागते. भिंतींच्या दोन रेषा कोपऱ्यात मिळालेल्या दिसतात. चित्र शंभरपट मोठे केले की मध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट उघडी पडते. कागदावर ही फट पेन्सिलीच्या जाडीतच बुडून जात असे. संगणकाच्या लेखी मात्र ती खोली बंदच झालेली नसते. तेच रेखाटन पत्रा कापणाऱ्या यंत्राकडे गेले, तर कापाची वाट मध्येच तुटते.

यावरील उपाय फार जुना आहे. आयव्हन सदरलँड यांनी 1963 साली एमआयटीत सादर केलेल्या 'स्केचपॅड'मध्ये प्रकाशलेखणी एखाद्या रेषेजवळ वा बिंदूजवळ आली की हाताची थरथर बाजूला सारून नेमकी तीच रेषा, तोच बिंदू धरला जाई. आज ऑटोकॅडमध्ये या सोयीला 'ऑब्जेक्ट स्नॅप' म्हणतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला तिची इंग्रजी यादी प्रथम परकी वाटते. परंतु एंडपॉइंट म्हणजे अंत्यबिंदू, मिडपॉइंट म्हणजे मध्यबिंदू, इंटरसेक्शन म्हणजे छेदनबिंदू, पर्पेंडिक्युलर म्हणजे लंब आणि टँजंट म्हणजे स्पर्शिका, हे उमगले की बराचसा तक्ता शालेय भूमितीचाच निघतो. पडद्यावरील खुणाही सोप्या आहेत: अंत्यबिंदूला चौकोन, मध्यबिंदूला त्रिकोण, केंद्राला वर्तुळ, छेदनबिंदूला फुली. यादीत एक नाव असे आहे की ज्याला प्रमेयात स्थान नाही. ते म्हणजे 'निअरेस्ट', रेषेवरचा कोणताही जवळचा बिंदू. वाळूच्या घड्याळासारखी त्याची खूण दिसली की जाणता आरेखक सावध होतो.

खरी कसोटी लागते ती गर्दीच्या नकाशात. भिंत, गिलावा, फरशी, नळ, विजेच्या तारा आणि खांबांच्या मध्यरेषा एकाच कोपऱ्यात येतात. यादीतील सर्वच खुणा चालू ठेवल्या असतील, तर यंत्र कर्सरजवळचा एखादा बिंदू पुढे करते. तोच हवा होता की नाही, हे त्याला ठाऊक नसते. भिंतीऐवजी गिलाव्याचा कोपरा धरला गेला, तर तेथून पुढची सगळी मापे तेवढ्याने सरकतात. म्हणून अनुभवी माणूस नेहमीसाठी दोन-तीनच खुणा चालू ठेवतो. एरवी शिफ्ट दाबून माऊसचे उजवे बटण दाबतो आणि त्या एका टिचकीपुरता हवा तो बिंदू नावाने मागतो. टॅब कळ दाबत गेले की जवळचे बिंदू एकामागून एक समोर येतात. नको असलेले लेअर गोठवले की त्यांवरील बिंदू धरले जात नाहीत. लेअरला नुसते कुलूप लावून मात्र भागत नाही. त्यावरील वस्तू हलत नाहीत, पण तिचे बिंदू धरले जातातच. नवशिक्या येथे हमखास फसतो.

याहून फसवी चूक सर्वेक्षणाच्या नकाशात होते. तेथे समोच्च रेषांना खरी उंची दिलेली असते, आणि वरून पाहताना ती दिसत नाही. आडव्या अंतराने 40 मीटर दूर असलेला, पण 9 मीटर वरचा बिंदू नकळत धरला, तर रेषा नकाशात 40 मीटरचीच भासते. तिची लांबी विचारली असता संगणक 41 सांगतो. संगणक बरोबरच असतो, कारण हे पायथागोरसचे त्रिकूटच आहे. चुकीची उंची रेषेच्या एका टोकाला चिकटलेली असते. अशा वेळी पडद्याकडे डोळे ताणून उपयोग होत नाही. रेषेच्या दोन्ही टोकांचे तिसरे सहनिर्देशक उघडून वाचावे लागतात.