कपड्यांवरची नक्षी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



चित्रकलेच्या तासाला आपण भेंडीचे ठसे उमटवायचो, तेव्हा सर म्हणायचे, "आधी नीट बघा, मग बोला." आज ठशांच्याच चित्रांविषयी बोलतो, पण जपानमधल्या.

तिथे चेरीच्या लाकडावर चित्र कोरत आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा ठोकळा करून छापत. ही चित्रे सामान्य माणसाला परवडत. मात्र तोकुगावा राजवटीत चालू राजकारण चित्रात दाखवायला बंदी होती. चित्रकारांनी त्यातूनही वाट काढली. १८४३ साली कुनियोशीने जुन्या कथेतला आजारी सरदार काढला. तो झोपला आहे, शिलेदार पहाऱ्यावर आहेत आणि मागे भुतांची फौज उभी आहे. एका शिलेदाराच्या कपड्यांवर मंत्री मिझुनोच्या घराण्याचे चिन्ह होते. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, लोकांनी लगेच ओळखले: झोपलेला तो आपला शोगुन आणि भुते म्हणजे मिझुनोच्या कडक सुधारणांनी गांजलेली माणसे! बोभाटा झाला. प्रकाशकाने घाबरून चित्रे परत घेतली, ठोकळे नष्ट केले.

१८६८ साली सम्राटाचा पक्ष आणि शोगुनचा पक्ष यांच्यात यादवी पेटली. त्या वर्षी पोरांच्या खेळांची बरीच चित्रे निघाली. वरवर पाहता नुसती गल्लीतली भांडणे. पण कपड्यांवरची नक्षी बघायची. हागीची फुले असतील तर तो चोशू, कारण हागी हे त्यांचे मुख्य गाव. मेणबत्ती असेल तर आइझू, कारण तिथल्या मेणबत्त्या प्रसिद्ध. चित्रात पोरे खेळत होती. आइझूच्या किल्ल्याला मात्र त्याच वर्षी वेढा पडला आणि खरी माणसे मेली.

हे सगळे आज का सांगतो? गेल्या निवडणुकीत आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एका मित्राला नको ते बोललो. तो ग्रुप सोडून गेला. नंतर त्याने माझा फोनही उचलला नाही. आज तो तिसऱ्या रांगेत बसला आहे.

मित्रा, तुझे राजकारण मला अजूनही पटत नाही. पण त्या दिवशी मी तुझ्या कपड्यांवरची नक्षी तेवढी वाचली, आतला माझ्या बाकावरचा मुलगा बघितलाच नाही. सरांनी शिकवलेले विसरलो. चूक माझी होती.

जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी तुझी जागा धरून ठेवतो.