नांगराच्या साखळ्या

मंडळी, ट्रॅक्टरचा नांगर मागे तीन दांड्यांवर धरलेला असतो. खाली दोन, वर एक. ही जोडणी हॅरी फर्ग्युसन यांनी रूढ केली. त्यांचा लहान करडा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडात कोव्हेंट्रीला तयार होई. पुढे ही जोडणी बहुतेक ट्रॅक्टरांना आली.

खालच्या दांड्यांना पुष्कळ ट्रॅक्टरांवर बाजूने साखळ्या असतात. त्या कधी सैल ठेवायच्या, कधी आवळायच्या? नीट ऐका.

नांगरताना सैल ठेवा. नांगर जरा डावीउजवीकडे हलला, तरी आपला आपण मागे सरळ येतो. साखळ्या ताठ असल्या, तर वळताना दांड्यांवर ताण येतो.

जमीन सपाट करायची फळी लावलीत, तर आवळा. नाहीतर फळी एका बाजूला सरकते.

रस्त्याने जाताना तर आवळाच. उचललेला नांगर झोके घेतो. टायरला घासतो. बाजूने चालणाऱ्या पोराला लागतो.

आवळण्याआधी नांगर जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा. दोन्ही साखळ्या सारख्या आवळा. मग नांगर हळूच उचलून पाहा. साखळी फार ताणली, तर पुन्हा खाली टेकवून एखादा आटा सैल करा. पाच मिनिटांचे काम आहे. ते केल्यावाचून रस्त्याला लागू नका.