अपग्रेड झालं, पण मशीन सुरूच होईना!

आजचा भाग तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि तेव्हापासून मला येणारे निम्मे प्रश्न एकाच चालीवरचे आहेत: "दादा, विंडोज ११ टाकलं, आणि आता कॉम्प्युटर सुरूच होत नाही."

यावर दुकानात मिळणारं उत्तर तुम्हाला माहीतच आहे. "फॉरमॅट मारावा लागेल." कधीकधी खरंच मारावा लागतो, नाही असं नाही. पण ते शेवटचं उत्तर आहे, पहिलं नव्हे. आज आपण मधल्या पायऱ्या बघू.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. मशीन सुरू न होणं आणि तुमच्या फाइली जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घराच्या दाराचं कुलूप अडकलं म्हणून आतलं सामान चोरीला जात नाही ना, तसंच. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स निळी पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आणि दुरुस्ती काय होती? सेफ मोडमध्ये जायचं आणि एक फाइल काढून टाकायची. बाकी सगळा डेटा जागच्या जागी होता.

आता पहिला प्रश्न: गाडी नेमकी कुठे अडली?

मशीन सुरू होणं म्हणजे एसटीचा प्रवास समजा. आधी इंजिन सुरू होतं, म्हणजे वीज आणि बोर्ड. मग डेपोतली तपासणी, म्हणजे बायोस किंवा यूईएफआय. तिथे कीबोर्ड आहे का, रॅम आहे का, डिस्क आहे का, हे बघितलं जातं. मग बूट लोडर येतो, तो विंडोज कुठे आहे ते शोधून देतो. मग विंडोज स्वतः आपले ड्रायव्हर घेऊन उठतं, आणि शेवटी लॉगिन. पंखा फिरतोय पण कंपनीचा लोगोही दिसत नाही, तर विंडोजपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. लोगो आला आणि "बूट डिव्हाइस सापडत नाही" असं म्हणाला, तर अडचण डिस्क किंवा बूट लोडरपाशी. निळा स्क्रीन आला, तर विंडोज उठायला लागलं होतं, मध्येच अडखळलं. स्क्रीनचा फोटो काढा. त्यावरचे शब्द म्हणजे अर्धं निदान असतं.

एक खरं उदाहरण सांगतो. सांगलीकडच्या एक ताई आहेत, आठ दुकानांचे हिशेब घरून बघतात. १७ तारखेला संध्याकाळी अपग्रेड झालं, व्यवस्थित चाललं. रात्री त्यांनी मेन स्विच बंद केला. १८ ला सकाळी निळा स्क्रीन. २० तारीख जीएसटीआर-३बी ची शेवटची. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, तीही प्रत्येक दुकानाला, आणि वर टॅक्सवर व्याज. टॅलीचा सगळा डेटा त्याच मशीनमध्ये, बॅकअप तीन महिन्यांपूर्वीचा. आणि समोर उभा असलेला दुरुस्तीवाला म्हणतोय, "फॉरमॅट मारू का?"

मी फोनवर म्हटलं, "ताई, त्याला चहा द्या, पण मशीनला हात लावू देऊ नका."

स्क्रीनवर शब्द होते "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस". म्हणजे विंडोज उठलं, पण ज्या डिस्कवरून उठलं तीच त्याला वाचता येईना. मी त्यांना बायोसमध्ये जायला सांगितलं. बहुतेक मशीनवर सुरू होताना एफ २ किंवा डिलीट दाबत राहायचं. विचारलं, "डिस्कचं नाव दिसतंय?" दिसत होतं. म्हणजे डिस्क जिवंत. मग विचारलं, "तारीख काय दाखवतोय?" त्या हसल्याच. "दादा, हा तर २०१८ म्हणतोय!"

तिथेच गाठ सुटली. बोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. मशीनची वीज पूर्ण बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं, आणि बऱ्याच बोर्डांवर बायोसची सेटिंग्जही त्याच्याच भरवशावर असतात. सात-आठ वर्षांत तो संपतो. मेन स्विच बंद झाल्यावर सेटिंग्ज कारखान्यातल्या मूळ स्थितीला गेली, आणि डिस्कचा मोड एएचसीआय होता तो रेड झाला. विंडोजला त्या मोडची तयारीच नव्हती. मोड परत एएचसीआय केला, तारीख दुरुस्त केली, सेव्ह केलं, आणि मशीन उठलं. सगळ्यात आधी टॅलीचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला, मग दुपारी नवा सेल. सगळे रिटर्न वेळेत गेले.

यातून एक लक्षात ठेवा. "अपग्रेडनंतर" म्हणजे "अपग्रेडमुळे" असं नेहमी नसतं. इथे अपग्रेडचा काही दोष नव्हता, आणि फॉरमॅट मारला असता तर तीन महिन्यांच्या नोंदी पुसल्या गेल्या असत्या.

आता क्रमाने काय करायचं ते सांगतो, लिहून घ्या.

एक. पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची हार्ड डिस्क, सगळं काढा. पेनड्राइव्ह लावलेला राहिला की मशीन कधीकधी त्याच्यावरूनच सुरू व्हायला बघतं.

दोन. बायोसमध्ये तारीख आणि डिस्क बघा. डिस्क दिसतच नसेल, तर केबल किंवा डिस्कचाच प्रश्न. तिथे विंडोजची कुठलीही दुरुस्ती उपयोगाची नाही.

तीन. डिस्क दिसतेय पण विंडोज उठत नाही, तर रिकव्हरीचा मेनू आणा. लोगो आला की पॉवर बटण दाबून ठेवून बंद करायचं, असं साधारण तीनदा. मग तो मेनू आपोआप येतो. पण स्क्रीनवर अपडेटची टक्केवारी पुढे सरकत असेल तर हे अजिबात करू नका, थांबा. मेनूत ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. आधी स्टार्टअप रिपेअर. नाही जमलं तर सेफ मोडमध्ये जाऊन नवा ड्रायव्हर किंवा अँटीव्हायरस काढा. तेही नाही, तर शेवटचं अपडेट काढा. विंडोज १० वरून आला असाल, तर साधारण १० दिवसांपर्यंत जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं. म्हणून पहिल्याच दिवशी "जागा मोकळी करा" म्हणत जुन्या विंडोजचा फोल्डर उडवू नका.

चार. निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची की मागितली तर घाबरू नका. बूटची सेटिंग्ज बदलली की सुरक्षा चिपला वाटतं कोणीतरी परका आहे. ती की ४८ आकडी असते, आणि घरच्या मशीनवर बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. फोनवरून लॉगिन करून बघा. ही की नसेल, तर मात्र डेटा खरंच कुलपात राहतो.

पाच. "रिसेट" दाबण्याआधी दोनदा वाचा. "कीप माय फाइल्स" मध्ये तुमच्या वैयक्तिक फाइली राहतात, पण टाकलेली सॉफ्टवेअर जातात. दुसऱ्या पर्यायात सगळंच जातं. त्याआधी उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, काही इन्स्टॉल न करता, आणि फाइली कॉपी करून घ्या.

उबुंटू वापरणाऱ्यांसाठी एक ओळ: अपग्रेडनंतर अडलं तर ग्रबच्या मेनूत जाऊन जुना कर्नल निवडून बघा. तो सहसा तिथेच ठेवलेला असतो.

आणि ज्यांचं मशीन आज धडधाकट आहे, त्यांना गृहपाठ. बिटलॉकरची की कागदावर लिहून कपाटात ठेवा. बायोसमधल्या मुख्य पानांचे फोनवर फोटो काढा. महत्त्वाचा फोल्डर आजच दुसरीकडे कॉपी करा. सगळं मिळून अर्धा तास लागेल.

कुठे अडलात तर स्क्रीनचा फोटो काढून पाठवा, नुसतं "चालत नाही" लिहू नका! पुढच्या भागात बॅकअपबद्दल सविस्तर बोलू. तोपर्यंत काळजी घ्या, नमस्कार.